वाचकांचे प्रश्न : ‘टेन्टेड लव्ह’ नेमकं कुणाचं?

प्रश्न : मी इंग्लंडमधल्या वायगन गावात फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्यांच्या व्यायामासाठी येणारे एक सत्तरीचे गृहस्थ सांगतात, की तरुणपणी, १९७५च्या आसपास, आमच्याच गावातल्या क्लबात ते ‘टेन्टेड लव्ह’वर रात्र-रात्र नाचलेत. पण सॉफ्ट सेलचं हे गाणं तर १९८१चं! माझा मुलगा म्हणतो, ते मॅरिलिन मॅन्सनचं आहे. खरं कोण?

उत्तर : ताई, तुमचे पेशंट अगदी खरं सांगताहेत. त्यांना बोलतं करा, कारण हे गाणं ज्यांनी जिवंत ठेवलं त्यांच्यातलेच ते एक आहेत. मॅन्सनचं रूप २००१चं, एका अमेरिकी विनोदी चित्रपटासाठी केलेलं. सॉफ्ट सेल या दोघांच्या ब्रिटिश संचानं ते जगभर पोचवलं. पण पहिल्यांदा गायली ती ग्लोरिया जोन्स, १९६४ साली, लॉस एंजेलिसमध्ये.

गाणं एड कॉब यांचं. हे गृहस्थ ‘फोर प्रेप्स’ या चौघांच्या संचात खर्जाचा आवाज लावायचे, पुढे निर्माते झाले. ग्लोरिया चर्चमध्ये गाऊन तयार झालेली. ज्या तरुण मुलामुलींबरोबर ती गायची, त्यांत पुढे नावाजलेला बिली प्रेस्टनही होता. कॉबनी तिच्याकडून हे गाणं गाऊन घेतलं आणि १९६५ मध्ये चॅम्पियन नावाच्या छोट्या कंपनीनं ते काढलं, तेही रेकॉर्डच्या मागच्या बाजूला. पुढच्या बाजूचं गाणं होतं ‘माय बॅड बॉइज कमिन होम’. दोन्ही बाजू पडल्या. ग्लोरिया पुढे मोटाउन कंपनीसाठी गाणी लिहू लागली. गायिका ग्लॅडिस नाइटचं ‘इफ आय वेअर युवर वुमन’ लिहिणाऱ्या तिघांतली एक तीच. म्हणजे बाई चांगल्या मुरलेल्या होत्या, फक्त हे एक गाणं खोक्यात धूळ खात पडलं.

आता तुमच्या गावाकडे येऊ. सत्तरचं दशक उजाडता उजाडता अमेरिकेतलं कृष्णवर्णीयांचं ‘सोल’ संगीत फंक नावाच्या नव्या प्रकाराकडे वळलं, ठेका बदलला. पण उत्तर इंग्लंडच्या गिरण्या-कारखान्यांच्या गावांतल्या तरुणांना हवा होता तो साठच्या दशकातल्या मोटाउनचा धावता ठेका. नवीन गाणी तशी येत नव्हती. मग राहिल्या त्या जुन्या, न खपलेल्या रेकॉर्ड. त्यातूनच ‘नॉर्दर्न सोल’, म्हणजे उत्तरेतल्या क्लबांत वाजणारं सोल, उभं राहिलं. हे नाव दिलं डेव्ह गोडिन यांनी. लंडनमध्ये त्यांचं रेकॉर्डचं दुकान होतं आणि उत्तरेकडून येणारी गिऱ्हाइकं नेमकं काय मागतात, ते त्यांनी हेरलं होतं.

वायगन कसिनो हा तुमच्या गावातला क्लब सप्टेंबर १९७३ मध्ये सुरू झाला. नावावर जाऊ नका, जुगाराशी त्याचा संबंध नव्हता. मध्यरात्र उलटल्यावर दारं उघडायची आणि नाच सकाळी आठपर्यंत चालायचा. दारू मिळत नसे. पाय घसरते राहावेत म्हणून पोरं लाकडी फरशीवर टाल्कम पावडर शिंपडायची, गिरक्या घ्यायची, पाठीवर पडून झटक्यात उभी राहायची. तुमच्या पेशंटच्या गुडघ्यांचा इतिहास तिथूनच तपासायला हवा, असं मला मनापासून वाटतं. आणि आठच्या आधी दर खेपेला त्याच तीन रेकॉर्ड लागायच्या. त्या ऐकल्या की समजायचं, आता घरी जायचं. त्यांना कोणत्या तीन ते विचारा, बोटांवर मोजून सांगतील.

रिचर्ड सर्लिंग या डीजेला १९७३ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात ग्लोरियाची रेकॉर्ड सापडली. त्यानं ती आधी बोल्टनच्या ‘व्हा व्हाज’ क्लबात वाजवली, मग वायगनमध्ये. त्या काळी डीजेंमध्ये चुरस अशी, की शेजारच्या क्लबवाल्याला सुगावा लागू नये म्हणून लेबलावर कागद चिकटवून गायकाचं खोटंच नाव सांगायचे. दहा वर्षांपूर्वी कुणी ढुंकूनही न पाहिलेल्या रेकॉर्डवर पोरं आठवड्याची कमाई उधळायची. मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट: कंपनीनं टाकून दिलेलं गाणं नाचणाऱ्यांनी निवडलं. ना जाहिरात, ना रेडिओ.

तुम्ही दोन्ही रूपं लागोपाठ ऐका. ग्लोरियाचं जेमतेम सव्वादोन मिनिटांचं. पितळी वाद्यं अंगावर येतात, ढोल थांबायचं नाव घेत नाहीत, मागे मुली साथ देतात, आणि ती गाते ती उसासे टाकत नाही, तर निघून जायचा निश्चय झालेल्या बाईसारखी, बॅग भरून, दाराशी उभी राहून. सॉफ्ट सेलचं रूप संथ आहे. त्यांचा गायक मार्क आल्मंडचा आवाज खालचा म्हणून पट्टी ‘सी’वरून ‘जी’वर आणली. गिटार नाही, ढोल नाही, पितळ नाही; सगळं सिंथेसायझर आणि ताल देणारं यंत्र. सुरुवातीलाच ‘बिंक बिंक’ असे दोन टोले पडतात आणि पुढे गाणंभर येत राहतात. ती कल्पना आल्मंडची. निर्माते होते माइक थॉर्न. दीड दिवसात काम संपलं आणि आल्मंडनं पहिल्याच फेरीत गायलेलं ठेवलं गेलं. इथला माणूस दाराशी उभा नाही. तो खोलीतच अडकलाय, जायचंय म्हणतोय आणि हलत नाही. शब्द तेच, माणूस वेगळा. याला मी नक्कल म्हणणार नाही. तरी एकच निवडायला सांगितलंत तर मी ग्लोरियाचं निवडेन.

आल्मंड आणि डेव्ह बॉल, म्हणजे सॉफ्ट सेलमधले दोघे, भेटले लीड्सच्या पॉलिटेक्निकमध्ये. बॉल ब्लॅकपूलचा, नॉर्दर्न सोलवर वाढलेला. गाणं त्याच्या कानात आधीपासून होतं. म्हणजे तुमच्या पेशंटच्या पिढीकडूनच ते सॉफ्ट सेलला मिळालं. १९८१ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेत आठव्या क्रमांकापर्यंतच चढलं, पण बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, पहिल्या शंभरात, ४३ आठवडे टिकलं. तोवर इतकं कुणीच टिकलं नव्हतं. आणि त्याच वर्षी, डिसेंबरमध्ये, वायगन कसिनो बंद झाला.

मधल्या काळात ग्लोरियानं १९७६ मध्ये तेच गाणं पुन्हा गायलं. निर्माता होता टी. रेक्स या ब्रिटिश रॉक संचाचा मार्क बोलन, तिचा जोडीदार. ते रूप चाललं नाही आणि मलाही ते रुचत नाही, पहिल्यातली धार त्यात नाही. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये मोटार अपघातात बोलन गेला. गाडी ग्लोरिया चालवत होती, तीही गंभीर जखमी झाली. पुढे तिनं सिएरा लिओनमध्ये बोलनच्या नावानं मुलांसाठी संगीतशाळा उभी केली.

आणखी एक रूप मुलाला जरूर ऐकवा: कॉइल या ब्रिटिश संचाचं, १९८५चं. इतकं मंद, की अंत्ययात्रा चालल्यासारखं वाटतं. एड्सनं माणसं पटापट जात होती, समाज तोंड फिरवत होता. त्या रेकॉर्डचे पैसे एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला गेले. ज्या शब्दांवर पोरं पावडरीवर गिरक्या घेत होती, तेच शब्द इथे ऐकवत नाहीत. रिहानाच्या २००६च्या ‘एसओएस’मागचा ठेकाही सॉफ्ट सेलचाच.

पेशंटना माझ्यातर्फे एक विचारा: त्यांच्या संग्रहात ग्लोरियाची रेकॉर्ड असली, तर ती चॅम्पियनची अस्सल आहे की नंतर निघालेली चोरटी प्रत? उत्तर कळवलंत तर मला खरंच आनंद होईल.

प्रश्न : आमच्या कोल्हापूरच्या मुलांचा बँड जुनी गाणी पुन्हा रेकॉर्ड करतो. कव्हर केल्यावर पैसे कुणाला मिळतात?

उत्तर : गाण्यात हक्क दोन: एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चालीचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. कव्हर करणारा आपलं मुद्रण स्वतः करतो, पण रचनेचे पैसे मूळ रचनाकारांकडे किंवा त्यांच्या प्रकाशकाकडे जातात. वरचंच उदाहरण घ्या. सॉफ्ट सेलच्या त्या रेकॉर्डची मागची बाजूही सुप्रीम्स या गायिकांच्या संचाच्या गाण्याचं कव्हर होती. त्यामुळे लाखो प्रती खपूनही रचनेचा एक पैसा आल्मंड-बॉलना मिळाला नाही. ग्लोरियालाही नाही, कारण ती गायिका, रचनाकार कॉब. रिहानाच्या गाण्यावरही रचनाकारांत कॉब यांचं नाव आहे.

आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा बराच स्पष्ट आहे. मूळ मुद्रण झालं ते वर्ष संपल्यावर पुढची पाच वर्षं जाऊ द्यावी लागतात. त्यानंतर वैधानिक परवान्यावर, म्हणजे मालकाच्या होकाराशिवाय कायद्यानंच मिळणाऱ्या परवानगीवर, कव्हर करता येतं. मूळ मालकाला आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची, आणि ती दर वर्षी किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबानं. वेष्टनावर मूळ गायकाचं नाव किंवा छायाचित्र छापून दिशाभूल करायची नाही, हे कव्हर आहे असं स्पष्ट लिहायचं. ५०,००० प्रतींचा आकडा छोट्या बँडला झेपणारा नाही. म्हणून मुलांना सांगा, आधी हक्कधारकाला सरळ पत्र लिहून परवानगी मागा. त्यानं होकार दिला तर पाच वर्षांची अटही आड येत नाही.