कॉर्डलेस घेताना आधी हे विचारा

ऑफिससाठी चार लाइनचा कॉर्डलेस घेताय ना? मग रेंजच्या आधी एन्क्रिप्शनचं, म्हणजे बोलणं गुप्त करून पाठवण्याचं विचारा. डेक्ट या कॉर्डलेस फोनच्या रेडिओ पद्धतीत एका फ्रेमचे, म्हणजे वेळेच्या छोट्या तुकड्याचे, 24 भाग पडतात, 12 जाण्यासाठी, 12 येण्यासाठी. म्हणून एकाच बेसवर, म्हणजे लाइनला जोडलेल्या मुख्य युनिटवर, अनेक कॉल एकमेकांत न मिसळता चालतात. हँडसेट बेसशी जोडताना पिनच्या आधारे दोघांत गुप्त किल्ली ठरते आणि पुढचं एन्क्रिप्शन तिच्यावरच उभं असतं. त्यामुळे कंपनीकडून बहुतेकदा आलेला 0000 पिन जोडणीआधीच बदला, हे अजिबात टाळू नका. 2008 मध्ये संशोधकांनी लॅपटॉपमधल्या स्वस्त कार्डावर अशा फोनचं बोलणं ऐकून दाखवलं होतं, कारण बऱ्याच फोनमध्ये एन्क्रिप्शन चालूच नव्हतं. आणि हो, हे संरक्षण बेसपर्यंतच. साध्या लाइनवर पुढच्या वायरमधलं बोलणं उघडंच असतं.