इमेज लॅपटॉपवर बिल्ड झाली, तरी मिनीक्यूबचा पॉड 'इमेजपुलबॅकऑफ' का दाखवतो?

मिनीक्यूब म्हणजे लॅपटॉपवर चालणारा छोटा कुबरनेटीस क्लस्टर (कंटेनर चालवणारी, सांभाळणारी सिस्टिम), पॉड म्हणजे त्यात चालणारं तुमचं अ‍ॅप, इमेज म्हणजे डॉकरने बांधलेलं त्या अ‍ॅपचं पॅकेज, आणि 'इमेजपुलबॅकऑफ' म्हणजे ती इमेज आणता न आल्याची एरर. ती येते कारण तुमच्याकडे डॉकर दोन आहेत. एक लॅपटॉपवरचा, दुसरा मिनीक्यूबच्या व्हर्च्युअल मशीनच्या किंवा कंटेनरच्या आतला. तुम्ही पहिल्यात बिल्ड केलंत आणि क्लस्टर बघतोय दुसऱ्यात. तिथे इमेज नाही म्हणून तो ती डॉकर हबवर, म्हणजे इमेजेसच्या ऑनलाइन रजिस्ट्रीवर, शोधायला जातो आणि हात हलवत परत येतो.

टर्मिनलमध्ये 'मिनीक्यूब डॉकर-एन्व्ह' चालवून बघा. 'डॉकर होस्ट' आणि सर्टिफिकेटचा पाथ अशा एक्सपोर्टच्या ओळी छापल्या जातील. नुसत्या छापून काही होत नाही, ती कमांड 'इव्हॅल'मधून चालवा, म्हणजे त्या ओळी टर्मिनलमध्ये लागू होतात. मग त्याच टर्मिनलमधलं 'डॉकर बिल्ड' थेट मिनीक्यूबच्या आत होतं. त्याच टर्मिनलमधलं, बरं का! नवीन टॅब उघडला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

एवढं करूनही तीच एरर आली तर टॅग, म्हणजे इमेजच्या नावापुढचं आवृत्तीचं नाव, बघा. टॅग 'लेटेस्ट' असेल किंवा दिलाच नसेल, तर कुबरनेटीस 'इमेज पुल पॉलिसी' (इमेज बाहेरून कधी आणायची याचा नियम) आपोआप 'ऑलवेज' धरतो, म्हणजे आतली इमेज सोडून पुन्हा रजिस्ट्रीकडे धाव. 'व्ही१' असा काहीतरी टॅग द्या, नाहीतर पॉलिसी 'इफ-नॉट-प्रेझेंट' करा. 'नेव्हर'ही चालतं, मला तेच आवडतं. चूक लगेच कळते.

मिनीक्यूबचा रनटाइम (आत कंटेनर चालवणारा भाग) डॉकरऐवजी कंटेनरडी असेल तर या भानगडीत पडू नका, सरळ 'मिनीक्यूब इमेज बिल्ड' वापरा. आणि 'मिनीक्यूब डिलीट' केलंत की आतल्या सगळ्या इमेजेसही जातात.