तिला गणित सोडू देऊ नका

कळव्याहून एका आईंचं पत्र आलं आहे. मुलगी नुकतीच दहावी झाली, ९१ टक्के मिळाले. मामा लक्षद्वीपला जाऊन आला, त्याच्या बॅगेच्या तळाशी चिमूटभर वाळू राहिली होती. तिनं ती शाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. वाळूत भिंगासारखे दाणे आणि चकत्या दिसल्या, त्या 'फोरॅमिनिफेरा' नावाच्या जीवांच्या आहेत हेही तिनं शोधून काढलं. आता तिला हेच शिकायचं आहे. वडील म्हणतात, बायो घे, नीट दे, गणित सोड, हा नाद सुट्टीपुरता ठेव. आई विचारतात, 'यात पोट भरेल का?'

ताई, पोट भरेल, पण उशिरा. त्याविषयी पुढे लिहितोच. आधी लेकीनं काय पाहिलं ते तुम्ही दोघांनी समजून घ्या, म्हणजे घरात तिच्याशी बोलणं सोपं जाईल.

फोरॅमिनिफेरा हा एकपेशी जीव. एकच पेशी, पण स्वतःभोवती चुन्याचं कोरीव घर बांधते. उथळ, नितळ, उबदार समुद्रातल्या काही जाती त्या घरात शैवाल पाळतात. ॲम्फिस्टेजिना नावाची जात डायाटम हे एकपेशी शैवाल पाळते, पेनेरोप्लिसच्या पेशीत लाल शैवाल असतं, सोराइटिसकडे प्रवाळात राहणाऱ्या शैवालाचे भाऊबंद सापडतात. शैवाल उन्हावर साखर तयार करून यजमानाला देतं आणि त्याच्याकडून आसरा व नायट्रोजनसारखी पोषकद्रव्यं घेतं. ॲम्फिस्टेजिनाचं कवच काचेसारखं असतं, ऊन आत पोचतं. हे सहजीवन बिघडतं तेव्हा रंग उडतो. १९९१ साली फ्लोरिडाच्या प्रवाळ बेटांवर पामेला हॅलॉक या संशोधिकेला ॲम्फिस्टेजिना अशाच पांढऱ्या पडलेल्या दिसल्या, आणि पुढच्या अभ्यासात त्याचा संबंध प्रखर उजेडाशी लागला. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या जीवांवरून प्रवाळासाठी पाणी किती चांगलं आहे हे मोजायची पद्धतही मांडली. तुमची लेक ज्याला चकत्या म्हणते, त्या समुद्राची तब्येत सांगतात.

मेल्यावर कवचं तळाशी साठतात आणि त्यांचा खडक होतो. गिझाच्या पिरॅमिडांच्या चुनखडीत नाण्याएवढे न्युम्युलाइट आहेत, ते याच कुळातले. आपल्याकडे कच्छमध्येही ते सापडतात. कोणत्या थरात कोणती जात आहे यावरून खडकाचं वय कळतं, म्हणून तेल शोधणाऱ्यांना हे जीव ओळखणारी माणसं लागतात. १९७४ साली मुंबईजवळच्या समुद्रात, मुंबई हायला तेल लागलं, तेही मुख्यतः उथळ समुद्रात साचलेल्या चुनखडीत.

आता माझं म्हणणं. मुलं 'समुद्रातले जीव' म्हटलं की थेट प्राणिशास्त्राकडे वळतात. या विषयाची भारतातली मोठी वाट मात्र भूशास्त्रातून जाते. ओएनजीसी भूवैज्ञानिक घेते, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी यूपीएससीची वेगळी परीक्षा असते, आणि तिथे भूशास्त्राच्या घरातली एम.एस्सी. लागते, प्राणिशास्त्रातली चालत नाही. म्हणून अकरावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र असे चारही विषय घ्या. नीट देता येईल, आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या केंद्रीय संस्थांची परीक्षाही देता येईल; तिच्यात या चारही विषयांचे प्रश्न असतात. वडिलांशी भांडायची गरजच उरत नाही. बारावीनंतर भूशास्त्रात बी.एस्सी. करायची तर धोबीतलावचं सेंट झेवियर्स आहे, ठाण्याहून सीएसएमटीची लोकल पकडली की झालं. पुढे 'जॅम' ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईत एम.एस्सी. करता येते. जिवंत जीवांवरच काम करायचं ठरलं तर गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे.

पैशाचं स्पष्ट सांगतो. पीएच.डी. धरली तर बारावीनंतर दहा वर्षं सहज जातात. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. मग पोस्ट डॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं हंगामी संशोधन, मग कायमची नोकरी, आणि त्या जागा मोजक्याच. डॉक्टर होणंही स्वस्त किंवा झटपट नाही, हे वडिलांनाही ठाऊक असेल. तरी घरावर कर्ज असेल, धाकट्याचं शिक्षण डोक्यावर असेल, तर तसं मुलीसमोर मोकळेपणानं बोला. सोळाव्या वर्षी तिला ते कळतं.

आणि एक परीक्षा घरीच घ्या. या कामाचे बहुतेक तास बोटीवर जात नाहीत. खुर्चीत बसून, भिंगातून बघत, ओल्या बारीक कुंचल्यानं एकेक दाणा उचलण्यात जातात. एका बशीतून तीनशे कवचं वेगळी काढायची, ओळखायची, मोजायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे काही मुलांना फार आवडतं आणि काहींना आठवड्यात नकोसं होतं. सुट्टीत महिनाभर करू द्या. ठाण्याच्या खाडीकाठी बांदोडकर महाविद्यालय आहे, तिथल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना भेटून चिखलाचा नमुना आणि चाळणी मिळते का विचारा. ओहोटीला तिवरांतल्या गाळात तिला एकटीला उतरू देऊ नका, पाय कमरेपर्यंत रुततो. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रालाही एकदा घेऊन जा.

खाडीत तिला लक्षद्वीपच्या चकत्या मिळणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर हिरमुसेल. इथलं पाणी गढूळ, पावसाळ्यात जवळपास गोडं. शैवाल पाळायला लागणारं ऊन तळाशी पोचत नाही. 'अमोनिया' (नाव वायूचं, पण हाही फोरॅमिनिफेराच) सारख्या चिवट जाती मात्र अशा चिखलात तग धरतात. गंमत म्हणजे चिखलाळ किनाऱ्यांवरच्या एल्फिडियम या फोरॅमिनिफेराच्या काही जाती शैवाल पाळत नाहीत, खाल्लेल्या डायाटममधली हरितलवकं तेवढी चोरून पेशीत जपून ठेवतात. हे तिला सांगून बघा. दोन्ही पाण्यांत असा फरक का, हे ती स्वतःहून विचारायला लागली तर मला पुन्हा लिहा. तेव्हा पुढच्या संस्थांविषयी सविस्तर बोलू.

आणि ती वाळू अजून असेल तर छोट्या बाटलीत भरायला सांगा. वर मामा कोणत्या बेटावर, कोणत्या तारखेला गेला होता ते लिहायला सांगा. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी हेच शिकवतात.