सावध अल्बम ऐकताना

आवडत्या, गुणी पोस्ट-हार्डकोर (पंक रॉकमधून निघालेली आक्रमक, प्रयोगशील शैली) बँडचा नवा अल्बम निर्दोष असूनही तुम्हाला फिका, धोका टाळून सावधपणे केलेला वाटला असेल, तर निर्णय देण्यापूर्वी त्यांचे आधीचे अल्बम क्रमाने ऐकावेत, कारण सावधपणा मोजायचा तो त्या बँडच्याच वाटचालीशी. थ्राइस या अमेरिकन बँडने २००३ च्या ‘द आर्टिस्ट इन द अँब्युलन्स’मधील वेगवान गिटारवादनाचाच कित्ता पुढे गिरवला असता तरी श्रोते नाराज झाले नसते, तरीही २००५ च्या ‘व्हेइसू’मध्ये त्यांनी पियानो आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनींना जागा दिली, आणि मला तो धोका आजही मोलाचा वाटतो.

नव्या अल्बममध्ये शांत कडवे आणि त्यामागून येणारे किंचाळीचे ध्रुवपद हीच मांडणी गाण्यामागून गाण्यात येते का, हे पाहावे. ध्वनिमिश्रणाकडेही लक्ष द्यावे: सर्व आवाज सारख्याच पातळीवर दाबून बसवले की कुजबुज आणि आरोळी यांतील अंतर मिटते, आणि या संगीताचा प्राण बहुतांशी त्या अंतरातच असतो. मवाळ गाण्यांना मात्र सरसकट सुरक्षित म्हणू नये (ही चूक मीही पुष्कळ वर्षे केली). फुगाझी या बँडच्या २००१ च्या ‘द आर्ग्युमेंट’मध्ये चेलो (व्हायोलिनच्या जातीचे मोठे तंतुवाद्य) ऐकू येतो आणि तरीही ते वादन जराही बचावात्मक वाटत नाही.