शेत गहाण ठेवण्याआधी एवढं वाच

औशाहून विचारलंयस : एलएलबी झालं, लातूरच्या कोर्टात दोन वर्षं झाली, पण खटला लढवण्यापेक्षा मिटवण्यातच जीव रमतो, तर शेत गहाण ठेवून इंग्लंडला मेडिएशनमध्ये, म्हणजे वाद मिटवण्याच्या मध्यस्थीत, मास्टर्स करावं का? मी उदगीरची, लेस्टरमध्ये अकरा वर्षं हेच काम करते. धाकट्या बहिणीला सांगावं तसं सांगते.

आधी व्हिसा, कारण पाय तिथेच अडकतो. इथे मेडिएटर व्हायला सरकारी परवाना लागत नाही. मूळ प्रशिक्षण काही दिवसांचंच असतं, त्याला मास्टर्सची गरज नाही. पण बहुतेक मेडिएटर स्वतंत्रपणे काम करतात, आणि स्टुडंट व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करता येत नाही. पुढे नोकरीच्या व्हिसाला स्पॉन्सर, म्हणजे तुझी जबाबदारी घेणारी नोकरी देणारी संस्था, लागतो, आणि या कामात पगारी जागा मोजक्याच. मी नवऱ्याच्या व्हिसावर आले म्हणून मला मुभा होती. तरी पहिली दोन वर्षं बिनपैशाचीच गेली : शेजाऱ्यांचा आवाज, पार्किंग, कुंपण. कुंपणाचं भांडण ऐकताना मला आपला बांधच दिसायचा.

आमचे आजोबा, आप्पा, गावातली भांडणं मिटवायचे. तंटामुक्त गाव मोहीम आली २००७ मध्ये, त्याच्या कितीतरी आधीपासून. भावकीतले दोघं विहिरीच्या पाळीवरून कुऱ्हाडीपर्यंत गेले, तरी आप्पा त्यांना लगेच पारावर बोलवायचे नाहीत. एकाला पहाटे गोठ्यात, दुसऱ्याला दिवेलागणीला. म्हशीची धार काढता काढता ऐकायचे, मान वर करायचे नाहीत. मी चरवी धरून उभी असायची. समोरच्याचा आवाज चढलेला हळूहळू खाली यायचा, मग तो रडायचा. पारावर बसायचं ते सगळं ठरल्यावर, आणि तिथे फक्त पाळीचे वार सांगायचे. चूक कुणाची, हा शब्द नाही. चारचौघांत कुणाची मान खाली जाऊ द्यायची नाही.

इंग्लंडमध्ये १०,००० पौंडांपर्यंतच्या पैशाच्या दाव्यांना मे २०२४ पासून मेडिएशन सक्तीचं होत गेलं. फोनवर तासभर, मोफत, आणि मेडिएटर दोन्ही बाजूंशी वेगवेगळा बोलतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गोठा आठवला. ही विद्या आपल्या घरात होती, आपण तिला विद्या म्हणत नव्हतो.

अब्रूच्या कामात तर ती फारच लागते. तपशील बदलून एक सांगते. एका घरमालकाला भाडेकरू पोराने व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोसकट ‘फसव्या’ म्हटलं, भांडण डिपॉझिटचं. मालकाला बदनामीचा दावा करायचा होता. आपल्याकडे बदनामी फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इथे तो २०१० पासून गुन्हा नाही. दिवाणी दाव्याला २०१३ च्या कायद्याने नावाला गंभीर हानी दाखवावी लागते, दावा लावायची मुदत वर्षाची, खर्च डोळे पांढरे करणारा. पैशाचं वीस मिनिटांत मिटलं. त्याच ग्रुपवर काय लिहायचं, याला दोन तास लागले. पोरगा ‘माफी’ लिहीना, मालक ‘गैरसमज’ घेईना. शेवटी ठरलं : ‘हिशेब पूर्ण झाला, माझी आधीची पोस्ट मी मागे घेतो.’ मालकाने ते वाक्य तीनदा मोठ्याने वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. त्या दिवशी मला कळलं, मी जन्मभर हेच करणार.

म्हणून शेत आत्ता गहाण ठेवू नकोस. आपल्याकडे २०२३ चा मध्यस्थी कायदा आलाय, काम वाढणार आहे. चाळीस तासांचं प्रशिक्षण घे, विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअदालतीत जाऊन बस, एखाद्या ज्येष्ठ मध्यस्थाजवळ राहून नुसतं ऐकायला शीक. सोबत इंग्रजी बोलायची सवय कर. वाद मिटवताना शब्दाचा वजनकाटा लागतो, पुस्तकी इंग्रजी पुरत नाही. दोन-तीन वर्षांनी यावंसं वाटलं तर स्पॉन्सर करणारी नोकरी आधी हातात असू दे.

तरी मास्टर्सच करायचं ठरवलंस, तर कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी मला विचार. रविवारी मी मोकळी असते.