ओपन पाइप फिटिंग लवकर आणि सरळ कसं उरकावं?

गावाकडच्या जुन्या दगडी घरात भिंत न फोडता, भिंतीच्या वरूनच वायरिंगचा पीव्हीसी पाइप टाकायचाय, दोन खोल्या आणि पत्र्याची पडवी, असं तुम्ही विचारलंय. माझी अठरा वर्षं याच कामात गेली. खरा वेळ खातं ते स्टुलावर चढणं-उतरणं.

नवखा माणूस एक भोक पाडतो, सॅडल (पाइप भिंतीला धरणारी पकड) मारतो, पाइप लावून बघतो, मग पुढचं भोक. तसं करू नका. पहिल्या दिवशी ड्रिल बाहेरच काढायची नाही, फक्त आखणी. नीळ लावलेली दोरी ताणून भिंतीवर फटकारली की रेघ तयार. उभ्या रेघेला ओळंबा, आडवीला लेव्हल बघायला पाणी भरलेली नळी. मात्र तुळईच्या अगदी जवळून पाइप जात असेल तर लेव्हल विसरा आणि तुळईला समांतर जा. जुनी तुळई कललेली असते, तिच्याशेजारी लेव्हलमधला पाइपच वाकडा दिसतो.

सॅडलसाठी 60 सेंटीमीटरची काठी कापून घ्या, टेप सारखा उघडायला नको. दोन सॅडलमध्ये 60 सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर नको, आणि बेंडच्या दोन्ही बाजूंना एकेक हवंच. मग सगळी भोकं, सगळे रावळ प्लग (भोकात स्क्रू धरणारे खुंटे), सगळे सॅडलचे बेस, आणि शेवटी पाइप.

दगडी भिंतीत एक मोह होतो. काळा दगड बिट खातो, म्हणून सांध्यात भोक पाडावंसं वाटतं. सांधा चुन्याचा असेल तर खुशाल पाडा. मातीचा असेल तर प्लग आत नुसता फिरतो. मी एकदा घाईत अख्खी भिंत अशी मारली होती. आठवड्याभरात मालकाने त्या पाइपवर टॉवेल वाळत टाकला आणि सगळंच हातात आलं. दोन बिट जास्तीचे आणा, पण दगडातच पाडा.

वळणाला रेडिमेड एल्बो शक्यतो टाळा, वायर अडकते. आत स्प्रिंग घालून पाइप गुडघ्यावर वाकवा, हवा त्यापेक्षा थोडा जास्तच, कारण सोडला की तो मागे येतो. स्प्रिंगला दोरी बांधायला विसरू नका, नाहीतर ती आतच राहते (हेही केलंय).

पडवीत पत्र्याखाली वेगळा हिशेब. तापमान 20 अंशांनी वाढलं तर 3 मीटरचा पाइप साधारण 4 मिलिमीटर लांबतो. तिथे प्रत्येक कप्लरमध्ये (दोन पाइप जोडणारा तुकडा) एका बाजूला चिकटवायचं सोल्युशन लावू नका आणि पाइप पूर्ण आत ठोकू नका, नाहीतर एप्रिलमध्ये सापासारखा वळवळलेला दिसेल.

20 मिमीच्या पाइपात दीड चौरस मिलिमीटरच्या चार वायरी पुरे, आणि दोन बॉक्सच्या मध्ये दोनपेक्षा जास्त वळणं नकोत. वायरीला टाल्कम पावडर लावली की सरसर जाते.

मेनची जोडणी, अर्थिंग आणि टेस्टिंग परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. त्याला आखणी झाली की लगेच बोलवा, भोकं पाडल्यावर नाही. बोर्ड हलवायला सांगितला तर निळीची रेघ पुसता येते.