आडोसा होता, तरी होडी रात्रभर का डोलली?

तुमचे प्रश्न दोन: वाऱ्यापासून पूर्ण आडोसा असलेल्या जागी नांगर टाकूनही होडी रात्रभर का डोलली, आणि ३ मीटर पाण्यात १५ मीटर साखळी पुरेशी होती का?

आधी दुसरा, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. नव्हती. खोलीच्या पाच पट साखळी म्हणून तुम्ही ३ ला ५ ने गुणलंत, पण ती खोली ओहोटीची होती. भरतीला पाणी अडीच मीटर चढतं असं तुम्हीच लिहिलंय. शिवाय साखळी पाण्याच्या पातळीपासून सुटत नाही, नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून सुटते. ती धरा पाण्यापासून १ मीटर उंच. म्हणजे हिशोब साडेसहा मीटरचा, आणि पाच पटीने साधारण साडेबत्तीस मीटर साखळी हवी. मध्यरात्री भरती आली तेव्हा तुमच्याकडे जेमतेम सव्वादोन पट होती. नांगर सुटला नाही तो वारा नव्हता म्हणून. साखळीला पुढे दोर जोडलेला असेल तर मी सात पटीखाली जात नाही. भरतीला पोहोचलात तर उलटा हिशोबही करा: पाणी उतरल्यावर होडी जिथे जिथे फिरेल तिथे सगळीकडे कीलखाली (होडीच्या तळाच्या कण्याखाली) पाणी उरणार आहे का?

आता डोलण्याचं. भूशिराने वारा अडतो, लाट अडतेच असं नाही. दूरच्या वादळातून आलेली लांब लाट उथळ पाण्यात मंदावते, भूशिराला वळसा घालते आणि आत शिरते. होडी तोंड करते वाऱ्याकडे, लाट येते बाजूने, की झोपेचं खोबरं झालंच. म्हणून अंदाज बघताना वाऱ्याच्या बाणांवर थांबू नका. लाटेची दिशा आणि दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं, तेही बघा. अंतर जितकं मोठं, तितकी लाट जास्त वळते. जागेवर पोहोचल्यावर किनाऱ्याकडे नजर टाका. आतल्या वाळूवर लाट फुटत असेल तर ॲपवर त्या जागेला कितीही तारे असोत, मी पुढची खाडी बघतो. (ते तारे बहुतेक कुणीतरी निवांत दुपारी दिलेले असतात.) अडकलातच तर होडीच्या मागच्या बाजूने एक दोर नेऊन साखळीला बांधा आणि साखळी थोडी सैल सोडा. होडी वाऱ्याला तिरकी होऊन लाटेला सामोरी जाते. वारा हलका असेल तरच हे करा.

तळाबद्दल थोडक्यात: वाळू किंवा घट्ट चिखल उत्तम. खडकात नांगर अडकतो किंवा धरतच नाही, समुद्री गवतावरून घसरतो, आणि गवताचं नुकसान होतं ते वेगळंच. ऊन डोक्यावर असताना पोहोचलात तर वाळूचे फिकट पट्टे वरूनच दिसतात. नांगर तळाला टेकला की होडी मागे सरकू द्या, साखळी हळूहळू सोडा, मग इंजिन रिव्हर्समध्ये टाकून हळूहळू जोर वाढवा. त्या वेळी साखळीवर तळवा ठेवा. खडखड थरथर जाणवली तर नांगर घसरतोय. साखळी ताणून गप्प राहिली तर त्याने धरलंय. मग किनाऱ्यावरचं झाड आणि त्यामागचा एखादा खांब एका रेषेत धरून दोन मिनिटं बघा. रेषा मोडली तर नांगर उचलून पुन्हा टाका, कितीही कंटाळा आला तरी.

संध्याकाळचा वारा रात्री टिकेल असं धरू नका. जमीन गार झाली की वारा उलटा फिरतो, उंच डोंगराखाली तर झोतच येतात. होडी फिरली की मागे काय असेल, शेजाऱ्याची होडी की खडक, ते उजेडातच ठरवा. शेजारी दोरावर आणि तुम्ही साखळीवर असाल तर नांगराभोवती फिरण्याची दोघांची वर्तुळं वेगळी पडतात. उशिरा आलेल्याने जागा सोडायची असा रिवाज आहे. अंधारात बाहेर पडायची दिशा कंपासवर बघून लिहून ठेवा.

आणि नांगरलेल्या होडीवर रात्री चारही बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा. ७ मीटरपेक्षा लहान होडीला वर्दळीपासून दूर सूट आहे, तरी मी लावतो. डोलकाठीच्या टोकावरचा दिवा जवळ आलेल्या डिंगीवाल्याच्या (छोट्या होडीवाल्याच्या) नजरेत येत नाही, म्हणून कॉकपिटपाशी, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेपाशी, आणखी एक लहान दिवा टांगतो.